भाताच्या मुळाभोवतीची अढी

दिवाळी उलटून गेलेली, भात कापून खळ्यावर गेलेलं, पण खाचरातली ओल अजून पुरती हटलेली नाही, अशा दिवसांत भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या बाजूला जाणं झालं तर सोबत करंगळीएवढ्या जाडीची एक लोखंडी सळई घ्या. शेतकऱ्याला विचारून खाचरात उतरा आणि भाताच्या धसकटांमध्ये ती सळई उभी धरून सावकाश खाली दाबा. सुरुवातीला ती शिऱ्यात चमचा जावा तशी जाते. चार बोटं, सहा बोटं, एक वीत. आणि मग थांबते. दोन्ही हातांनी रेटा, अंगाचा भार टाका, ती हलत नाही. फारच नेट लावलात तर एकदम काहीतरी सुटल्यासारखं होतं आणि सळई पुन्हा मऊ मातीत सरकते.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं, खाली दगड लागला. चार पावलं सरकून पुन्हा सळई रोवली. पुन्हा वितीवर अडली. अख्ख्या खाचरात तेच. बांधावर उभे राहून माझी धडपड बघणारे शेतकरी काका म्हणाले, "दगड नाय तो. खाचराचा तल हाय."

तळ! हंड्याला असतो तसा शेताला तळ. तो घालायला कुणी गवंडी आला नाही, सिमेंटची एक गोणी लागली नाही. बैलांच्या खुरांनी, माणसांच्या पायांनी आणि पावसाच्या पाण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला आहे. तो नसता तर या खाचरात भात उभा राहिला नसता. आणि तोच तळ जास्त जाड झाला, जास्त खोल गेला, तर त्याच शेतातलं दुसरं पीक तहानेनं मरतं. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी मातीच्या पोटात शिरावं लागेल.

माती म्हणजे भरीव वस्तू, असं आपल्याला वाटतं ना? वजन करून बघा. चांगल्या शेतातून, न दाबता, न विस्कटता, एक लिटरचा मातीचा तुकडा जसाच्या तसा कापून काढला आणि पूर्ण वाळवला, तर तो भरतो साधारण १.३ किलो. पण ज्या खनिजांची माती बनते ती भरीव, मध्ये फट नसलेली, एक लिटर घेतली तर तिचं वजन २.६५ किलो होतं. म्हणजे? म्हणजे तुमच्या पायाखालची निम्मी जमीन रिकामी आहे! आपण जिच्यावर घरं बांधतो ती निम्मी पोकळी आहे, आणि शेती चालते ती या पोकळीच्या जिवावर. तिच्यात पाणी थांबतं, हवा खेळते, गांडूळ फिरतं, मूळ वाट काढतं.

आता या मातीवर जड चाक फिरलं आणि त्याच एका लिटरमध्ये १.६ किलो माती कोंबली गेली. पोकळी निम्म्यावरून चाळीस टक्क्यांवर आली. दहा टक्केच तर गेले, असं वाटेल. पण कोणती पोकळी गेली? दाबाखाली आधी मोडतात ती मोठी भोकं: गांडुळांची बिळं, कुजून गेलेल्या जुन्या मुळांचे बोगदे, ढेकळांमधल्या फटी. बारीक छिद्रं तशीच राहतात. आणि पाणी वाहण्याचा हिशोब विलक्षण आहे. नळीचा व्यास निम्मा केला तर तिच्यातून वाहणारं पाणी निम्मं होत नाही, ते सोळाव्या हिश्शावर येतं. पेंढ्याच्या काडीएवढ्या जाड एका बोगद्यातून जेवढं पाणी उतरतं, तेवढं उतरवायला केसाएवढ्या बारीक नळ्या लाखोंनी लागतात. म्हणून थोडीशी माती दबते आणि पाऊस शेतात मुरायचा एकदम थांबतो.

भातवाल्या शेतकऱ्याला नेमकं हेच हवं असतं. जगभरचे शेतकरी माती भुसभुशीत राहावी म्हणून जिवाचं रान करतात, आणि हा मात्र ऐन पावसात शेत पाण्याने भरून त्यात चिखल तुडवतो. चिखलणी ही माझ्या मते माणसाने शोधलेल्या सगळ्यात धाडसी कल्पनांपैकी एक आहे. ती काय करते, ते काचेच्या पेल्यात दिसतं. शेतातली मूठभर माती पेल्यातल्या पाण्यात खळबळून ठेवून द्या. रेती लगेच बुडाशी बसते, तिच्यावर गाळ बसतो, आणि सगळ्यात शेवटी, कितीतरी तासांनी, मातीचे अतिबारीक चिकण कण साईसारखे वर येऊन बसतात. खाचरात हेच होतं. चिखलणीने ढेकळं फुटतात, कण सुटे होतात आणि निवळताना भोकांच्या तोंडावर बसून ती लिंपून टाकतात. त्याच वेळी बैलाचं खूर चिखलात रुतून जिथे टेकतं आणि नांगराचा तळवा जिथे घासत जातो, तिथली माती दरवर्षी थोडी थोडी दाबली जाते, गुळगुळीत होते. खळं चोपताना आपण जे करतो तेच, फक्त वीतभर खाली आणि डोळ्यांआड.

परिणाम? मोकळ्या जमिनीतून एका दिवसात कितीतरी सेंटीमीटर पाणी खाली निघून जाऊ शकतं. चांगल्या चिखलणीच्या चिकणमातीत ते दिवसाला काही मिलिमीटरच झिरपतं. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो रोज हप्त्याहप्त्याने पडत नाही. मध्येच आठ-दहा दिवस उघडीप पडते. त्या दिवसांत भात तगतो तो या तळामुळे. खाचर म्हणजे मातीचाच घडा, आणि तोही मातीनेच लिंपलेला.

पण अशा गुदमरलेल्या चिखलात भाताचं मूळ श्वास कसा घेतं? भाताने स्वतःच्या अंगात नळ्या बसवल्या आहेत. पानांपासून मुळांच्या टोकापर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात, आणि वरची हवा त्यातून खाली चिखलात पोहोचते. वाल, हरभरा, तूर यांना ही सोय नाही. त्यांना हवा मातीकडूनच मागून घ्यावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चिखलात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं, लावून तो तासाभरात चिखलणी उरकतो. बैलजोडी पाळणं परवडत नाही, घरातली तरुण मुलं गोदामांत कामाला जातात, मानकोली ते काल्हेर पसरलेल्या त्या गोदामांना माणसं लागतातच. मग शेत करायचं कुणी? ट्रॅक्टरने या भागातली शेती जगवली आहे, हे आधी मान्य करायला हवं. प्रश्न तो मातीला काय करतो, एवढाच आहे. आणि इथे एक कोडं आहे.

जमिनीवर जास्त दाब कोणाचा, बैलाचा की ट्रॅक्टरचा? चट्‌कन कुणीही म्हणेल, ट्रॅक्टरचा. हिशोब करू. बैल चारशे किलोचा धरा. चालताना त्याचे दोनच पाय जमिनीवर असतात असे क्षण येतात, आणि एका खुराचा तळ साठ-सत्तर चौरस सेंटीमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर तीन किलो! दोन टनांच्या ट्रॅक्टरचं रुंद, हवेने फुगलेलं टायर जमिनीला स्पर्श करतं तिथे हा दाब साधारण किलो-सव्वा किलोचाच असतो. बैल ट्रॅक्टरपेक्षा दुपटीहून जास्त दाबतो. मग नुकसान ट्रॅक्टरचं कसं?

गादीवर एक बोट जोराने रोवून बघा. कापूस बोटाखाली खोल दबतो, पण गादीच्या खालच्या बाजूला हात लावलात तर काहीही कळत नाही. आता त्याच गादीवर आडवे व्हा. कुठेच खड्डा पडत नाही, पण भार थेट खालच्या फळीपर्यंत जातो. मातीतही तसंच. जोसेफ बूसिनेस्क नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली याचं गणित मांडलं आणि इमारतींचे पाये आखताना ते आजही वापरलं जातं. त्याचा ढोबळ अर्थ असा: दाबणाऱ्या वस्तूची जितकी रुंदी, तिच्या दुप्पट खोलीवर दाब एक दशांशावर येतो. बैलाचं खूर दहा सेंटीमीटर रुंद. ते जिथे टेकतं त्याच्या खाली वीसेक सेंटीमीटर गेलं की भार जवळपास विरलेला असतो. ट्रॅक्टरचं मागचं टायर पस्तीस सेंटीमीटर रुंद. त्याचा भार तितका विरायला सत्तर सेंटीमीटर लागतात.

बैल तीक्ष्ण दाबतो आणि उथळ. ट्रॅक्टर अलगद दाबतो आणि खोल. म्हणूनच तर त्याचं काम दिसत नाही! खुराचा खड्डा डोळ्यांना दिसतो, पुढच्या नांगरटीत मोडतो. चाकाने दोन फुटांवर दाबलेल्या मातीपर्यंत कुठलाच नेहमीचा नांगर पोहोचत नाही.

थॉमस केलर आणि दानी ऑर या दोन मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ साली हाच हिशोब जगातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रांना लावला. १९५८च्या सुमाराला भरलेलं काढणीयंत्र चार टनांचं होतं. २०२०पर्यंत ते छत्तीस टनांवर पोहोचलं. यंत्र बनवणाऱ्यांनी टायर रुंद करत नेली, त्यामुळे वरच्या मातीवरचा दाब साठ वर्षांत फारसा वाढलाच नाही. वाढला तो खाली, मुळांच्या राज्यात. आणि छत्तीस टन म्हणजे किती? पृथ्वीवर चाललेल्या सगळ्यात जड प्राण्यांच्या, लांब मानेच्या अवाढव्य डायनासोरांच्या वजनाच्या जवळ जाणारं! मग केलर आणि ऑर यांना साहजिकच प्रश्न पडला: एवढे जड प्राणी कोट्यवधी वर्षं हिंडले, तर त्यांनी आपल्याच चाऱ्याची जमीन दाबून नापीक कशी नाही केली? या दोघांनी सुचवलेलं एक उत्तर मला फार आवडतं. कदाचित ते प्राणी ठरलेल्या वाटांवरूनच चालत असतील, आणि वाटेवर उभे राहून लांब मान वळवून दोन्ही बाजूंचा पाला खात असतील. ऑस्ट्रेलियातले कित्येक गहू पिकवणारे शेतकरी आज हेच करतात. शेतात चाकांच्या पक्क्या वाटा आखून घेतात आणि वर्षानुवर्षं त्याच चाकोरीतून यंत्र नेतात, कारण मातीचं बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होऊन जातं. त्याच चाकोरीवर दहावी फेरी जवळपास फुकट असते.

भिवंडीच्या गुंठ्या-गुंठ्याच्या खाचरांत छत्तीस टनांचं यंत्र वळणारही नाही. इथे पॉवर टिलर आहे, लहान ट्रॅक्टर आहे. पण इथल्या मातीची खोड वेगळी आहे: ती ओली असते. ओलीचं महत्त्व किती, हे शेतकऱ्याला आणि रस्ता बांधणाऱ्याला सारखंच ठाऊक असतं. भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी समृद्धी महामार्ग येऊन संपतो. असा रस्ता बांधताना भरावाच्या मातीवर टँकरने पाणी मारतात आणि मग रोलर फिरवतात. कोरडी माती दबत नाही, कारण कण एकमेकांवर अडून राहतात. थोडी ओल मिळाली की कण घसरून एकमेकांच्या कुशीत बसतात. फार पाणी झालं की पुन्हा दबत नाही, कारण पोकळीत शिरलेलं पाणीच दबायला नकार देतं. मधल्या एका ओलीवर माती सगळ्यात घट्ट बसते. ती ओल शोधायची चाचणी लॉस एंजेलिसमध्ये धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टरने १९३३ साली मांडली, आणि आजही रस्त्यांच्या कामावर ती त्याच्याच नावाने चालते.

आपल्याकडे याच गोष्टीची दुसरी बाजू सांगणारा शब्द आधीपासून आहे: वापसा. मूठभर माती वळली, सोडली, आणि ती पडून फुटली की वापसा आला, आता औत घाला. वापसा येण्याच्या जरा आधीची, अजून हाताला चिकटणारी माती म्हणजे रोलरवाल्याची आवडती माती. भात कापल्यावर घाईने यंत्र शेतात घातलं, तर ते नेमकं या दिवसांत जातं. कोल्हापूर-सांगलीकडे ओल्या उसाच्या फडात भरलेल्या ट्रॉल्या शिरतात, तेव्हा मागे राहणाऱ्या खोडव्याच्या मुळांचं हेच होतं.

बरं, माती घट्ट झाली. मग मूळ अडतं, यात नवल ते काय, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण मुळाची ताकद बघा. वाढणाऱ्या मुळाचं टोक पेशींत भरलेल्या पाण्याच्या जोरावर दर चौरस सेंटीमीटरला पाच ते दहा किलोचा दाब देऊ शकतं. मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती दोन-सव्वादोन किलोची. एवढं ताकदवान मूळ, ज्या मातीत जोर लावला तर शिरता येईल अशा मातीतही हात टेकतं. का?

२०२१च्या जानेवारीत या प्रश्नाचं उत्तर छापून आलं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातले बिपिन पांडे आणि त्यांचे चीनमधले सहकारी यांनी ते शोधलं, आणि प्रयोगातलं एक रोप होतं भाताचं. ते उत्तर समजायला आपल्याला आंब्याच्या अढीकडे जावं लागेल.

अढी कशी लावतात? भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि सगळं झाकून टाकायचं. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. उघड्यावर तो उडून जातो. पेंढ्यात तो आंब्यांभोवती कोंडून राहतो, आणि एकाच्या वायूने दुसरा पिकतो. हा वायू फळांपुरता नाही. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबॉव्ह याच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेत दिव्यांसाठी आणलेल्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं विचित्र वाढतात: आखूड, जाड आणि आडवी. गॅसमधला दोषी निघाला इथिलीन. आखूड आणि जाड. घट्ट मातीतलं मूळ उपटून बघा, ते अगदी असंच दिसतं!

मुळाचं टोकही सतत किंचित इथिलीन सोडत असतं. माती मोकळी असली तर तो पोकळ्यांमधून पांगतो. माती दबली, भोकं मिटली, उरलेल्या छिद्रांत पाणी बसलं की वायूला वाट राहत नाही. पाण्यातून वायू पांगायला हवेच्या जवळपास दहा हजार पट वेळ लागतो. मग तो मुळाच्या टोकाभोवतीच साचतो, आणि मूळ ती खूण ओळखतं: आता लांब होऊ नकोस. चुलीचा धूर घरात कोंडला की घराच्या खिडक्या बंद आहेत हे डोळे मिटूनही कळतं. मूळ अगदी तसंच करतं. ते आपलाच वायू सोडतं आणि तो किती परत अंगावर येतो यावरून मातीचा अंदाज घेतं.

हे खरं कशावरून? संशोधकांनी इथिलीनची खूण ओळखू न शकणारी भाताची रोपं घेतली आणि तशाच दाबलेल्या मातीत लावली. ज्या मातीपुढे नेहमीच्या भाताचं मूळ थबकत होतं, तिच्यात यांची मुळं खाली उतरत गेली! म्हणजे त्या मातीत शिरायची ताकद मुळात होतीच. मूळ हरून थांबलं नव्हतं, कोंडलेल्या वायूचा इशारा मानून थांबलं होतं. ज्या भाताच्या पेंढ्यात आपण आंब्याची अढी लावतो, त्या भाताच्या मुळाभोवती माती आधीच अढी लावून बसलेली असते. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

आता परत पडघ्याच्या खाचरात या. भात गेला, त्याच ओलीवर वाल पेरला. वालाला भातासारख्या हवेच्या नळ्या नाहीत. त्याचं मूळ वीतभर खाली येतं आणि तळाला टेकतं. वरच्या वितीतली ओल जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हात आटत जाते. तळाच्या खाली अजून ओल शिल्लक असते, पावसाळ्यात हळूहळू झिरपून साठलेली. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभं राहून तहानेनं सुकावं तसा वाल सुकतो. बैलांच्या काळातही तळ होताच, पण पातळ, आणि उन्हाळ्यात खाचराला पडणाऱ्या भेगांनी दरवर्षी थोडा तडकणारा. तो जाड आणि खोल होत गेला, तर भेगांनाही पुरून उरतो.

मग तळाशिवाय भात पिकवता येईल का? भिवंडीपासून फार लांब नाही, रायगडमध्ये कर्जत तालुक्यातल्या नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत हा प्रश्न घेतला आणि 'सगुणा राइस तंत्र' उभं केलं. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, साच्याने सारख्या अंतरावर भोकं पाडून त्यात थेट भात टोकायचा, आणि कापणीनंतर धसकटं मुळांसकट जमिनीतच राहू द्यायची. यात तण आवरायला तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ते मला खटकतं. पण मुळं न उपटण्याची युक्ती मात्र मला निव्वळ देखणी वाटते. कारण मेलेलं मूळ कुजतं तेव्हा त्याच्या जागी त्याच्याच आकाराचा बोगदा राहतो. पुढच्या मुळाला वाट, पाण्याला वाट, गांडुळाला वाट, आणि त्या कोंडणाऱ्या वायूलाही बाहेर पडायला वाट.

फेब्रुवारीत मी त्याच शेतकरी काकांच्या खाचरात पुन्हा गेलो. वाल फुलोऱ्यावर होता, मधल्या भागात पिवळट आणि गुडघ्याच्याही खाली, पण बांधाच्या कडेला एक-दोन झाडं मात्र हिरवीगार. काकांनी कुदळीने मधलं एक रोप मातीसकट काढून दाखवलं. मूळ सरळ वीतभर खाली आलं होतं, आणि तिथून काटकोनात वळून तळावरून आडवं पसरलं होतं, जाड, आखूड, गाठाळ. मग ते बांधाजवळच्या हिरव्या झाडाशी गेले आणि तिथे जपून, हाताने माती उकरायला लागले. "मुठ्याचा बील हाय हितं," ते म्हणाले. पावसाळ्यात खेकड्याने पाडलेलं बीळ तळ भेदून तिरकं खाली गेलं होतं, आणि त्या बिळाच्या ओल्या भिंतीला धरून वालाचं एक पांढरंशुभ्र मूळ हातभर खोल उतरलं होतं. त्याच्या टोकाला पाण्याचा एक थेंब होता.